फलकनुमाच्या पंगतीला

हैदराबादेत राहणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘फलकनुमा’ हा शब्द आठवड्यातून दोन-चार वेळा तरी येतो; मात्र दरवेळी त्याला राजवाडाच अभिप्रेत असतो असे नाही. शहरात धावणाऱ्या एम. एम. टी. एस. लोकलचे ते एक स्थानक आहे. सिकंदराबादेहून हावड्यास जाणाऱ्या एका गाडीचे ते नाव आहे. सिटी बसच्या कपाळावर ते लिहिलेले असते. ज्याच्यावरून ही सारी नावे पडली तो राजवाडा टेकडीवर आपला एकटा बसलेला असतो, आणि खालून जाणारा-येणारा क्षणभर मान वर करून पाहतो व आपल्या कामास लागतो. आमच्या घराण्याच्या चार पिढ्या या शहरात गेल्या. परंतु टेकडीची ती वाट चढण्याचा योग गेल्या वर्षापर्यंत आम्हांपैकी कोणासही आला नव्हता. तो कसा आला, आणि तेथे आम्ही काय पाहिले व काय जेवलो, ते वाचकांस सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम नावाविषयी. फारसीत ‘फलक’ म्हणजे आकाश आणि ‘नुमा’ म्हणजे दाखविणारा. शब्दाला शब्द ठेवला तर ‘आकाश दाखविणारा’ असा अर्थ निघतो. लोकांनी मात्र त्याचे ‘आकाशाचा आरसा’ असे सुंदर रूपांतर करून टाकले आहे. चारमिनारापासून दक्षिणेकडे सुमारे पाच किलोमीटर गेले की दाट वस्तीतून ही टेकडी वर येते, आणि तिच्या माथ्यावर पांढऱ्याशुभ्र खांबांची ती विलायती धाटणीची इमारत दिसू लागते. भोवतालच्या जुन्या शहराची बांधणी कमानींची, घुमटांची आणि मिनारांची. हा राजवाडा मात्र युरोपातल्या एखाद्या सरदाराने आपले घर उचलून येथे आणून ठेवावे तसा. या विसंगतीतच त्याची सारी कथा सामावलेली आहे.

ती कथा एका हौशी माणसाची आहे. पायगा घराण्यातील नवाब विकार-उल-उमरा यांनी १८८४ साली या वास्तूचा पाया घातला. हे नवाब सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे मेहुणे. पुढे राज्याचे दिवाणपदही त्यांनी भूषविले. इटलीहून संगमरवर आला, इंग्लंडाहून सामान आले, नऊ-दहा वर्षे काम चालले, आणि इतक्या मोठ्या सरदाराचाही खजिना तळाला गेला. आपल्याकडे घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून असे म्हणतात, त्याचा प्रत्यय हैदराबादच्या अमीर-उमरावांनाही यावा ही मौज आहे. लोकांत एक कथा प्रसिद्ध आहे ती अशी: नवाबांनी निजामास काही दिवस पाहुणचारासाठी बोलावले, निजामास घर इतके आवडले की त्यांचा पाय निघेना, अखेर चतुर यजमानाने ते घर नजराणा म्हणून पुढे केले आणि निजामाने त्याची भरपाई करून ते आपलेसे केले. कथेतला तिखटमिठाचा भाग सोडून दिला तरी १९ व्या शतकाच्या अखेरीस राजवाडा निजामाकडे गेला हे खरे. १९११ साली महबूब अली खान यांचा अंतही याच वाड्यात झाला.

त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान हे सातवे आणि राज्य करणारे अखेरचे निजाम. जगातील अत्यंत श्रीमंत पुरुषांत त्यांची गणना होत असे, तथापि राहणी काटकसरीची. त्यांचा मुक्काम किंग कोठीत असे. फलकनुमा उरला तो राजेरजवाड्यांच्या आणि इंग्लंडच्या राजपुत्रांच्या पाहुणचारासाठी. संस्थान गेल्यावर तो पाहुणचारही थांबला. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद येथे उतरले होते. त्यानंतर पुढील काही दशके दारे-खिडक्या लावलेल्या स्थितीतच गेली. झुंबरांवर धूळ बसली, गालिच्यांना कसर लागली. पुढे निजामाचे नातू मुकर्रम जाह यांच्या प्रथम पत्नी राजकन्या एसरा यांच्या देखरेखीखाली सुमारे दहा वर्षे जीर्णोद्धाराचे काम झाले, आणि २०१० च्या नोव्हेंबरात ताज समूहाने येथे हॉटेल सुरू केले. तेव्हापासून फलकनुमाचे दार उघडे आहे. पूर्वी आत जाण्यास कुळ लागे. आता पैसा लागतो. दोन्हीही सर्वांजवळ नसतात हे खरे असले, तरी पैसा निदान साठवता येतो.

आमच्या घरी तो साठविला मुलीने. ती येथल्याच एका संगणक कंपनीत नोकरीस आहे. निमित्त होते तिच्या आजीचे, म्हणजे आमच्या आईचे, सहस्रचंद्रदर्शन. माणसाला ऐंशी वर्षे पूर्ण होऊन आणखी आठ-दहा महिने झाले की त्याच्या आयुष्यात एक हजार पौर्णिमा येऊन गेलेल्या असतात, असा हा हिशेब. ज्याने हजार पूर्ण चंद्र पाहिले त्याला घरच्यांनी ओवाळावे ही आपली रीत. आईचा जन्म १९४४ चा. २०२४ च्या मार्गशीर्षात घरी यथासांग विधी झाला, पणत्यांनी ओवाळणे झाले, नात्यातल्या मंडळींची जेवणे झाली. आणि त्या साऱ्या जेवणावळीत, नको नको म्हणत असतानाही, उत्सवमूर्ती स्वतःच पदर खोचून वाढावयास उभी राहिली. नातीने ते पाहिले आणि मनाशी काही ठरविले. दोन दिवसांनी तिने जाहीर केले, “आजी, रविवारी रात्री आपण बाहेर जेवायला जायचं. तिथं तुला उठताच येणार नाही.” कोठे, असे विचारता तिने फलकनुमाचे नाव घेतले.

हे नाव ऐकून आमच्या घरात जी शांतता पसरली तिचे कारण सांगितले पाहिजे. ते केवळ खर्चाचे नव्हते.

आमच्या घरात निजामाविषयी दोन मते आम्ही लहानपणापासून पाहत आलो. आमचे आजोबा निजामाच्या महसूल खात्यात कारकून. उर्दूत दफ्तर लिहिणारे, डोक्यावर टोपी घातल्यावाचून घराबाहेर न पडणारे. निजामाचा उल्लेख ते अखेरपर्यंत ‘आलाहजरत’ असाच करीत. ज्याचे मीठ खाल्ले त्याला नावे ठेवू नयेत, असा त्यांचा रोकडा न्याय. आईचे माहेर मात्र नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुक्यातले, पैनगंगेच्या अलीकडचे. नदीच्या या काठाला निजामाचे राज्य, पलीकडच्या काठाला वऱ्हाड. १९४८ साली संस्थानात रझाकारांचा धुमाकूळ सुरू होता. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते, आणि सरहद्दीवरची गावेच्या गावे नदी ओलांडून उमरखेड-पुसदच्या बाजूस जात होती. एके रात्री आईच्या गावातही आवई उठली आणि तिच्या वडिलांनी बैल जुंपले. ती तेव्हा चार वर्षांची. तिला आठवतात त्या दोन-तीनच गोष्टी. धूर दिसेल म्हणून आदले दोन दिवस चूल पेटविली नव्हती. गाडीत तिच्या तोंडावर कोणाचा तरी हात होता, रडू नये म्हणून. आणि नदीच्या वाळूत चाक रुतले तेव्हा भाकरीचे गाठोडे पाण्यात पडले. तिला भीतीची आठवण नाही. आठवण आहे ती भाकरी भिजल्याची. त्या वर्षीच्या १७ सप्टेंबरला संस्थान भारतात विलीन झाले आणि ते कुटुंब गावी परतले. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत दुसऱ्या बाजूच्या निरपराध माणसांनीही फार सोसले. पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद करून ठेवली आहे. आईच्या वडिलांनी तेही पाहिले होते, आणि ते या दोन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगत.

अशी ही माहेरवाशीण लग्न होऊन आलाहजरतांच्या कारकुनाच्या घरात सून म्हणून आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना होऊन मराठवाडा तिकडे गेला होता आणि आमचे घर इकडे राहिले होते. सासऱ्यांनी निजामाची थोरवी सांगावी आणि सुनेने भाजी निवडता निवडता ती ऐकून घ्यावी, असे कित्येक वर्षे चालले. तिने त्यांना कधी उलट उत्तर दिले नाही. ‘हो’ही म्हटले नाही. त्या मौनाचे वजन आम्ही जाणतो. म्हणूनच मुलीने फलकनुमाचे नाव घेतले तेव्हा आम्ही आईच्या तोंडाकडे पाहिले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “निजामाच्या घरी? बरं. बघू तरी कसं घर होतं ते.”

रविवारी संध्याकाळी दिवेलागणीस आम्ही पाच जण टेकडीच्या पायथ्याशी पोहोचलो. फाटकात नावे पाहिली जातात. आगाऊ नोंदणी केल्यावाचून येथे जेवावयास जाता येत नाही. फाटकापासून वर नेण्यास शोभिवंत घोडागाडीही आहे. तिची पायरी उंच, म्हणून आईसाठी विजेवर चालणारी लहानशी गाडी आणली गेली. वर पोहोचताच दारातल्या माणसाने लवून सलाम केला. आईने नेहमीच्या सवयीने चपला काढावयास पाऊल उचलले. नातीने हात धरून तिला तशीच आत नेले. दिवाणखान्यातले कारंजे, वर रंगविलेले छत, पांढऱ्या दगडाचा जिना, कठड्यावर दिवे धरून उभ्या असलेल्या मूर्ती, हे सारे आम्ही पाहिले आणि मागे टाकले. ग्रंथालयाशी आमचा पाय शिक्षकी पेशामुळे थोडा रेंगाळला. इंग्लंडातील विंडसरच्या राजवाड्यातील ग्रंथालयाच्या धर्तीवर ते सजविलेले आहे आणि त्याचे अक्रोडाच्या लाकडातले कोरीव छत खरोखर पाहण्याजोगे आहे. परंतु आमचे लक्ष होते ते भोजनगृहाकडे.

फलकनुमाचे प्रसिद्ध भोजनगृह म्हणजे एकच लांबलचक मेज आणि त्याच्या भोवती १०१ खुर्च्या. मेजाची लांबी सुमारे १०८ फूट सांगतात. खुर्च्या शिसवीच्या, कोरीव, त्यांवर हिरवे चामडे. वर ओळीने झुंबरे. एका टोकाला कुजबुजलेले दुसऱ्या टोकाला ऐकू येते, अशी या दालनाची ख्याती तेथील माणसे कौतुकाने सांगतात. २०१७ च्या नोव्हेंबरात पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांची कन्या आणि इतर पाहुण्यांना मेजवानी दिली ती याच मेजावर. आमच्यासारख्यांना तेथे जेवता येत नाही. फक्त पाहता येते. ते मेज विशेष मेजवान्यांसाठी राखलेले असते.

आईने ते मेज या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने मोजले. निजाम कोठे बसत, असे तिने विचारले. मधोमध, असे उत्तर मिळाले. त्यावर ती म्हणाली, “यजमानच बसला, तर मग आग्रह कोण करणार?”

या एका प्रश्नाने आमच्या मनात विचारांची साखळी सुरू झाली. आपल्या पंगतीत यजमान बसत नाही. तो तुपाची तांबली घेऊन ओळीतून फिरतो. कोणाचे पान रिकामे आहे, कोण लाजतो आहे, कोणाला मठ्ठा हवा आहे, हे पाहत फिरतो. पंगतीला मधली जागा नसते आणि टोकही नसते. वाढणारा जेथून सुरुवात करील ते तिचे टोक. आता हैदराबादच्या जुन्या मुसलमान घरांतली रीत पाहा. तेथे जमिनीवर पांढरे दस्तरखान अंथरतात. मंडळी त्याच्या दोन्ही अंगांना मांडी घालून बसतात, आणि घरचा माणूस ‘और लीजिए, आपने तो कुछ खाया ही नहीं’ असे म्हणत पाहुण्याच्या ताटात घालीत राहतो. आमच्या गल्लीत अशा दस्तरखानावर आम्ही लहानपणी ईदेची शेवयांची खीर अनेकदा खाल्ली आहे. बसणे जमिनीवर, वाढणे हाताने, आग्रह तोंडभर. म्हणजे पाहू गेले तर हे १०१ खुर्च्यांचे मेज जसे आमच्या रीतीचे नव्हे, तसे निजामाच्या पूर्वजांच्या रीतीचेही नव्हे. ते साहेबाकडून आणलेले. साहेबाला जेवू घालावयाचे तर साहेबासारखे बसले पाहिजे, म्हणून दोन्ही घरची रीत बाजूला सारून ते मांडले गेले. पंगत आणि दस्तरखान मात्र एकमेकांची सख्खी शेजारीण शोभतील अशी आहेत.

जेवणाची आमची व्यवस्था ‘अदा’ नावाच्या उपाहारगृहात होती. हैदराबादी पाकाचे हे ठिकाण. आई शाकाहारी, तिच्यासाठी सर्वांनीच त्या दिवशी शाकाहारी जेवावयाचे ठरविले होते. हैदराबादी जेवण म्हणजे मांसाहार, असा बाहेरच्यांचा समज असतो. वस्तुतः येथल्या दस्तरखानावर भाज्यांचाही थाट थोडा नाही. दह्याचे कबाब आले. बाहेरून खरपूस, आत लोण्यासारखे. मिरच्यांचे सालन आले. तरकारीची बिर्याणी आली, ती कणकेने तोंड बंद केलेल्या भांड्यात. झाकण उघडताच केशराचा आणि पुदिन्याचा वास मेजभर पसरला. आईने प्रत्येक पदार्थ थोडथोडा घेतला, पाहिला, चाखला, आणि परीक्षकाच्या मुद्रेने गप्प राहिली. ज्या बाईने साठ वर्षे रोज दोन वेळा स्वयंपाक केला आहे ती परक्याच्या हातचे जेवताना प्रथम जेवत नाही, प्रथम तपासते.

मग बघारे बैंगन आले. लहान लहान जांभळी वांगी, देठासकट, चार चिरा दिलेली. भोवती दाट तांबूस रस्सा. आईने एक वांगे फोडले, रस्सा बोटाला लावून चाखला आणि म्हणाली, “गूळ घातला नाही.” दुसरा घास घेऊन म्हणाली, “तीळ मात्र नीट भाजलेत.” तिसऱ्या घासाला तिने हात थांबविला. “दाणे, तीळ, खोबरं, चिंच... अरे, हे तर आपलंच वांगं की!”

ते आपलेच होते. मराठवाड्यात भरली वांगी करतात तेव्हा हेच दाण्याचे कूट, हेच तीळ, हेच सुके खोबरे, हीच चिंच; वर गुळाचा खडा आणि काळा मसाला. हैदराबादेत ते वाटण वांग्याच्या पोटात न भरता रस्स्यात उतरते, गूळ गळतो, आणि वरून जिरे-मोहरी-कढीपत्त्याची खमंग फोडणी बसते. त्या ‘बघार’वरूनच त्याचे नाव. भुईमूग, तीळ आणि चिंच ही दख्खनच्या या कोरड्या जमिनीची पिके आणि झाडे. ती पैनगंगेच्या काठच्या कुणब्याच्या चुलीवर गेली, तशी जुन्या शहरातल्या हवेलीच्या बावर्चीखान्यातही गेली. सव्वादोनशे वर्षे एका राज्यात राहिलेली माणसे भांडली, दुरावली, नदीपार पळाली. पण त्यांच्या पाट्यावर वाटले जात होते ते एकच. असे पदार्थ कोणा एकाच्या मालकीचे नसतात. आजोबांची ‘आलाहजरत’ भक्ती आणि आईचे मौन, या दोन्हींच्या खाली जमिनीचा असा एक थर होता आणि तो दोघांचाही होता, हे त्या मेजावर आम्हांस स्वच्छ दिसले. यासाठी इतिहास विसरावा लागत नाही. भिजलेली भाकरी खरी होती आणि हे वांगेही खरे आहे.

वाढणारा मुलगा विशीतला होता, येथल्याच जुन्या शहरातला. बोलीवरून ते कळतच होते. आईचे ताट रिकामे होताच तो पुढे झाला आणि म्हणाला, “अम्मा, और थोडा देऊँ?” आईची मुद्रा एकदम सैल झाली. संध्याकाळपासून तिला ज्याची उणीव भासत होती तो आग्रह अखेर भेटला होता. ती गेली साठ वर्षे भाजीवाल्याशी आणि बोहारणीशी जे दख्खनी बोलते त्याच बोलीत तिने त्याला विचारले, “बेटा, तुमारा खाना हुआ क्या?” मुलगा गोंधळला. असा प्रश्न त्याला त्या दालनात फारसा कोणी केला नसावा. त्याने आजूबाजूला पाहिले आणि हळूच म्हणाला, “नहीं अम्मा. मेहमान लोगां का होने के बाद.”

आई आमच्याकडे वळून म्हणाली, “म्हणजे आपल्यासारखंच. वाढणाऱ्यानं मागून जेवायचं.”

त्या वाक्यात तक्रार नव्हती, ओळख होती. आम्ही मात्र ते ऐकून जेवावयाचे थांबलो. सणावाराला, श्राद्धपक्षाला, लग्नामुंजीला आमच्या घरच्या पंगती उठल्यावर शेवटी स्वयंपाकघरात तिने आणि आमच्या काकूने तळाशी उरलेला भात, निवलेली आमटी घेऊन बसावे, हे आम्ही जन्मभर पाहिले. त्याचे कोणास काही वाटत नसे, आम्हांसही नव्हे. घरचेच वळण ते. फलकनुमाच्या भोजनगृहात १०१ माणसे बसत असतील तेव्हा त्यांच्या पाठीशी वाढणारे किती उभे असतील, आणि ते रात्री किती वाजता जेवत असतील, याची नोंद कोणत्याही मार्गदर्शकाने आम्हांस सांगितली नाही. आईला मात्र राजवाडा पाहताना दिसली ती तेवढीच माणसे. आणि त्या रात्री चार भिंतींआड कोणाच्याही आधी, ऊन ऊन, तिला वाढले गेले होते. गोड म्हणून खुबानीचे मीठे आले. जर्दाळूंचा तो मंद शिजविलेला गोडवा, वर साय. ते तिने दोनदा मागून घेतले. तिने स्वतःसाठी काही मागितल्याचे आमच्या आठवणीतले प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

जेवण आटोपल्यावर आम्ही सज्जात आलो. खाली सारे हैदराबाद पसरले होते. चारमिनारच्या बाजूचा उजेड ओळखू येत होता, आणि पायथ्याशी लोकलची लहानशी दिव्यांची माळ सरकत होती. पौर्णिमा होऊन दिवस लोटले होते. चंद्र अजून उगवावयाचा होता. नातीला त्याची चुटपुट लागली. सहस्रचंद्राचा सोहळा, आकाशाचा आरसा, आणि नेमका चंद्रच नाही! आई म्हणाली, “हजार बघून झालेत की. एक नसला तर काय बिघडलं?” मग बराच वेळ ती शहराच्या दिव्यांकडे पाहत उभी राहिली. नांदेड कोणत्या अंगाला, असे तिने विचारले. आम्ही उत्तरेकडे हात दाखविला. तिने तिकडे पाहिले. बोलली काही नाही.

खर्चाविषयी वाचकांस कुतूहल असेल. देयकाचा आकडा आम्हांस दाखविण्याचे मुलीने टाळले. तरी तो आम्ही तिरक्या नजरेने पाहिला. आम्ही शिक्षकाच्या नोकरीस लागलो त्या पहिल्या वर्षभरात जे वेतन हाती आले, त्याहून तो फारसा कमी नव्हता. इतके पैसे एका जेवणावर घालविणे योग्य की अयोग्य, याचा वाद आमच्या घरात पुढे आठ दिवस चालला आणि अनिर्णीत राहिला. आमचे मत असे की, अशी जागा वारंवार जाण्याची नव्हे. पण ज्या व्यक्तीने घरातील प्रत्येक पंगत वाढली, तिला एकदा तरी अशा ठिकाणी न्यावे, जेथे तिला उठून वाढता येणार नाही. ते ठिकाण राजवाडाच असले पाहिजे असे मात्र मुळीच नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी आगाऊ नोंदणी करावी, शाकाहाराची सूचना आधी द्यावी, आणि शक्य तर दिवस मावळण्यापूर्वी पोहोचावे, म्हणजे शहर उजेडात आणि दिव्यांत असे दोन्ही पाहता येते. वृद्ध मंडळी बरोबर असतील तर तसे फाटकावरच सांगावे. वर नेण्याची सोय होते. ज्यांना हा खर्च परवडणार नाही त्यांनी वांगी, दाणे, तीळ, खोबरे आणि चिंच घरी आणावी. आमच्या घरी दुसऱ्याच रविवारी हा प्रयोग झाला. आईने पाटावर बसून सूचना दिल्या, सुनेने फोडणी दिली, आणि गूळ घालावा की घालू नये यावर दोघींचे एकमत न झाल्याने दोन भांड्यांत दोन प्रकार झाले. वाढले आम्ही. जेवलो सर्वांच्या मागून. तोवर बिनगुळाचे भांडे रिकामे झाले होते.